अध्याय संपेपर्यंत

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या ड्रेसिंगची वेळ होती. ठाण्याच्या एका इस्पितळात बायकांच्या वॉर्डात मी परिचारिका आहे, आणि त्या वेळी कुणी भेटायला आलेलं मला खपत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तरी दारात बाबा उभे दिसले. टोपी हातात घेतलेली. "मार्था गेली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "सकाळी वाचायला बसली होती. चष्मा डोळ्यांवरच होता." मी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्या तोंडून भलताच प्रश्न गेला, "अध्याय संपला होता का?" बाबांना तो भलता वाटला नाही. "नाही," ते म्हणाले. "अर्धाच झाला होता." तेव्हा मला रडू आलं.

मार्थाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नाही. कल्याणला काळ्या तलावाजवळ दोन खोल्यांत एकटी राहायची आणि आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, बायबलबाई म्हणून काम करायची. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी. काळी छत्री, खांद्याला खादीची पिशवी आणि पायात नेहमी एक अंगठा तुटलेली चप्पल, अशी ती पार शीळफाट्याकडच्या गावांपर्यंत चालत जायची. तिचा एक खाक्या होता. अध्याय सुरू केला की संपवायचा. ऐकणारीच्या भाकऱ्या राहिल्या असतील तर आत्या पुस्तक मिटायची, दोन भाकऱ्या थापून द्यायची आणि पुन्हा पुस्तक उघडायची. बायका कंटाळत असतील असं मला वाटायचं. एकदा मी तिच्यासोबत गेले, तर चुलीपुढची एक आगरी बाई डोळे पुसत म्हणाली, "मंग पुरं काय झाला गो बाय? त्याचे भावांनी त्याला इकला, मंग?" आत्या माझ्याकडे बघून हसली. "बघ लीले, ह्यांना अर्धवट चालत नाही. अर्धवट आपल्याच लोकांना चालतं."

आता आमच्या लोकांचं सांगते. ख्रिस्ती घरांतून नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एक रीत असते. एका पेटीत बायबलमधल्या निरनिराळ्या ओळी लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या सुरळ्या असतात. उपासनेहून आलं की प्रत्येकाने एक उचलायची. जी येईल ते तुमचं वर्षाचं वचन, देवाने खास तुम्हाला धाडलेलं. आमची वचनपेटी म्हणजे एक जुना बिस्किटांचा डबा होता आणि त्यातल्या चिठ्ठ्या दरवर्षी आत्याच लिहायची, मंडळीतल्या इतर घरांसाठीही. मंडळीत तिच्याइतकं सुबक अक्षर कुणाचं नव्हतं.

स्वातंत्र्याला दीड-एक वर्ष झालं असेल. मी मॅट्रिक झाले होते आणि पुण्याला नर्सिंग शिकायला जायचं माझ्या डोक्याने घेतलं होतं. अर्ज भरून तयार होता, फक्त बाबांची सही हवी होती आणि जानेवारीच्या मध्याला मुदत संपत होती. बाबा ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर. यंत्र उघडायला घाबरणार नाहीत, पण घरातला निर्णय घ्यायचा म्हटलं की हातपाय गाळायचे. "नव्या वर्षाला परमेश्वरालाच विचारू," म्हणाले. मीही कबूल झाले. माझा देवावर विश्वास होता आणि आपल्या नशिबावर त्याहून जास्त.

त्या सकाळी चाळीतल्या आमच्या खोलीत आई नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होती. आत्या कल्याणहून आली होती. बाबांनी डोळे मिटून माझ्यासाठी चिठ्ठी उचलली, उलगडली आणि मोठ्याने वाचली, "माझ्या मुली, स्वस्थ बैस."

बाबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी अजून विसरलेले नाही. त्यांनी अर्ज घडी करून कपाटात ठेवला, किल्ली फिरवली आणि म्हणाले, "यापरतं स्पष्ट काय सांगेल तो?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याकडे पाहिलं, तर ती नेवरी हातात धरून नुसती बसलेली, पांढरीफटक. त्या दिवशी ती एक शब्द न बोलता निघून गेली. मी मनातल्या मनात तिच्यावरही काट मारली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पॉवर हाऊसचा भोंगा होऊन बाबा घरी येतात न येतात तोच ती दारात हजर. पिशवीतून बायबल काढलं. "दादा, चहा घे आणि बस. मी चार अध्याय वाचणार आहे. मधे उठायचं नाही."

"वचन मिळालंय, मार्था. आता काय राहिलं?"

"वचन नाही मिळालं. चिठ्ठी मिळाली. आणि ती माझ्या हातची. एवढा सुरेख मजकूर मी कात्रीने कापावा तसा कापला आणि डब्यात टाकला. चूक माझी आहे, म्हणून मी आलेय."

मग तिने रूथची गोष्ट वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नवरा गेलेली ही परदेशी सून म्हाताऱ्या सासूची पाठ सोडत नाही. आपला मुलूख सोडून तिच्याबरोबर चालत येते, कापणीमागे शेतात पडलेली कणसं उन्हातान्हात वेचते, दोघींचं पोट भरते. शेवटी सासूच्या सांगण्यावरून स्वतः जाऊन, त्या शेताच्या मालकाला, आम्हाला आधार देशील का म्हणून विचारते. तो शब्द देतो. आणि मग सासू म्हणते, आता स्वस्थ बैस मुली, तो माणूस आजच्या आज ही गोष्ट तडीला नेल्याशिवाय राहायचा नाही.

आत्याने बोट त्या ओळीवर ठेवलं. "कोण म्हणतंय? सासू. कुणाला? जिचं सगळं करून झालंय तिला. किती वेळ? एक दिवस. तू आपल्या पोरीला जन्मभर बसवतोयस, दादा."

बाबा चिडले. "मोठी शास्त्री झालीस! मग काय, देव तिला पुण्याला जा म्हणतो, असं लिहिलंय?"

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. एवढी एकच गोष्ट तिने म्हणायची होती...

"नाही," आत्या म्हणाली. "तेही त्यात नाही. ह्या गोष्टीत पुणं नाही, नर्सिंग नाही, आपली लीला नाही. जे त्यात नाही ते मी तुझ्या बाजूने घालणार नाही आणि तिच्याही नाही. मुलगी तुझी आहे. तूच ठरव. देवाच्या नावावर ढकलू नकोस."

मला तिचा इतका राग आला की मी तिला दारापर्यंत पोचवायलाही उठले नाही. हातातोंडाशी आलेला घास तिने काढून घेतला असंच वाटलं. आज कळतं, एवढ्या प्रेमाच्या भाचीसाठीसुद्धा तिने पुस्तकाला खोटं बोलायला लावलं नाही, आणि ते तिला किती जड गेलं असेल.

पुढचे आठ-दहा दिवस बाबा कामावरून आल्यावर तीच पानं काढून बसत. मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तुला का जायचंय?" चिठ्ठी काढण्यापूर्वी हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही. मी अडखळत सांगितलं. धाकट्या भावाच्या तापात तीन आठवडे त्याच्या उशाशी बसले होते, तेव्हापासूनचं सगळं. बाबांनी ऐकून घेतलं आणि कपाटाची किल्ली काढली.

आत्याने त्या वर्षी डबा रिकामा केला आणि नव्याने चिठ्ठ्या लिहिल्या. ओळ एकही नाही, नुसतं अमुक पुस्तक, अमुक अध्याय, आणि खाली 'सगळा वाचा'. मंडळीत कुरकुर झाली. एक वडीलधारे पंच म्हणाले, "बाई, आम्ही लाडू मागितला, तुम्ही जातं दिलंत." ती म्हणाली, "दळा." दोन-तीन घरांनी तिच्या चिठ्ठ्या नाकारल्या, पण तिने शेवटपर्यंत दुसऱ्या तऱ्हेची चिठ्ठी लिहिली नाही. माझाही तिने पिच्छा पुरवला. डॉक्टर मला असं बोलले म्हणून पत्रातून रडगाणं गायलं की उलट टपाली कार्ड यायचं, 'त्याआधी ते काय म्हणाले, ते लिही.' वैताग यायचा. पण आज वॉर्डात एखाद्या बाईचं अर्धं वाक्य ऐकून मी तक्ता भरत नाही, ही शिकवण मला पुण्यात मिळालेली नाही.

तिला माती दिली त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. नव्या पाळकसाहेबांनी अशा वेळच्या नेहमीच्या दोन ओळी वाचून पुस्तक मिटायला घेतलं, तोच बाबा पुढे झाले. "साहेब, पहिल्यापासून वाचा. तिला अर्धवट चालत नसे." सगळे उन्हात उभे राहिले. कुणी कुरकुरलं नाही, ते लाडूवाले पंचसुद्धा.

डबा आता माझ्या खोलीत, खिडकीत आहे. गेल्या रविवारी बाबा आले, त्यांनी एक चिठ्ठी उचलली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. अध्याय लांबलचक निघाला. मला अर्ध्या तासात ड्यूटीवर जायचं होतं. मी उठत म्हटलं, "बाबा, आज थोडंच वाचू या ना."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ओठ जरासे हलले.

"माझ्या मुली," ते म्हणाले, "स्वस्थ बैस."

मी बसले.