मामाचा गुलाल

कोल्हापुरात फुटबॉलची फायनल जिंकली आणि गोल मारणाऱ्या बंड्याला खांद्यावर घ्यायला सदूमामाच पुढे झाला. सदूमामा म्हणजे आमच्या पेठेचा मिडफिल्डर, चाळिशीला टेकलेला. वीस वर्षं मैदानाच्या मधोमध पळून त्यानं चेंडू हिसकावले आणि दुसऱ्यांच्या पायांत दिले. त्याच्या स्वतःच्या नावावर गोल फारसे नाहीतच.

"मामा, दमला नाही व्हय?" मी ओरडलो.

"जिंकल्यावर कोण दमतंय?"

गुलाल बंड्यावर उधळला जात होता. पण तो शेवटची पाचच मिनिटं खेळलेला. त्याच्या कोरड्या जर्सीवरून गुलाल घसरून खाली येई आणि घामानं निथळणाऱ्या मामाला चिकटून बसे. गुलालाला ओलं अंग लागतं, आणि मामानं ते वीस वर्षं सुकू दिलं नव्हतं. साऱ्या मैदानात सगळ्यांत लाल तोच होता.