आई ‘बास’ म्हणाली होती

माझी आई म्हातारपणानं गेली नाही.
तिला पाडलं.

आज वर्ष झालं. वर्षभर मी सगळ्यांना “पडण्याचं निमित्त झालं” एवढंच सांगत आले. आज खरं लिहिते.

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर आईला पायांवर उभं राहता येईना. माझा जॉब, इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेडच्या घराचा अरुंद जिना, केअरर्सच्या धावत्या भेटी. निभेना. शेवटी केअर होम शोधायला लागलो.

एका होमच्या मॅनेजरनं दारातच विचारलं, “काकू, चहा घेणार ना? आलं घालून?”

रश्मी. साताऱ्याची.

आईचा चेहरा असा खुलला की मी पुढच्या खोल्या नीट बघितल्याही नाहीत.

“ताई, तुम्ही निर्धास्त राहा. काकू मला माझ्या आईसारख्या.”

मी राहिले निर्धास्त.

आईला पलंगावरून खुर्चीत न्यायला होइस्ट होता. अंगाखाली जाड कापडाची स्लिंग सरकवायची, तिचे पट्टे हुकांना अडकवायचे आणि बटण दाबून माणूस उचलायचं. आई त्या स्लिंगला झोळी म्हणायची.

“तुला झोळीत झोपवलं, आता तू मला घाल,” पहिल्या दिवशी ती म्हणाली. मशीन वर जायला लागलं तसा माझा हात घट्ट धरला.

नियम मला रश्मीनंच समजावले होते. होइस्टला दोन माणसं लागतातच. एकाच्या हातात रिमोट, दुसऱ्याचा हात पेशंटवर. प्रत्येकाची झोळी ज्याच्या-त्याच्या मापाची. जरासं उचललं की थांबायचं, पट्टे नीट अडकलेत का बघायचं, मगच पुढे.

किती छान समजावलं होतं.

स्टाफला तिनं थोडं मराठीही शिकवलं. पाणी, दुखतंय, हळू. आणि बस, म्हणजे सिट.

मग काय, त्यांच्या जिभेवर ‘बस’चं ‘बास’ झालं आणि सगळ्या मुली आईला खुर्चीत टेकवताना “बास, बास” म्हणायच्या. आईला हसू यायचं. “अगं, बास म्हणजे पुरे. हे म्हणजे पंगतीत वाढल्यासारखं झालं.”

संक्रांतीला रश्मी आमच्या घरी हळदीकुंकवाला आली. आईसाठी वेगळा तिळगूळ बांधून घेऊन गेली.
गोड बोलायची, एवढं मात्र खरं.

आणि मग एका दुपारी तिचा फोन. “ताई, काकू होइस्टमधून जरा घसरल्या. दोघीजणी होत्या हो सोबत, काळजी करू नका.”

खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलमध्ये आई शुद्धीत होती. तिनंच सांगितलं.
“एकटीच होती गं ती नवीन पोर. माझी झोळी धुवायला गेलेली, दुसऱ्या कुणाची तरी ढगळ घातली. मी खालून निसटायला लागले. बास, बास म्हणत होते.”
“मग?”
“ती म्हणाली, येस येस, बास. आणि मला खुर्चीकडे न्यायला लागली.”

नंतर न्यूमोनिया झाला. आई घरी आली नाही, होममध्येही गेली नाही.

तेराव्यानंतर होममध्ये मीटिंग होती. रश्मीच्या शेजारी कंपनीचा एक साहेब. आणि रश्मी माझ्याशी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलली.

“देअर वॉज अ लँग्वेज बॅरिअर. युअर मदर वॉज आस्किंग टू बी सीटेड.”

मी म्हटलं, “रश्मी, मराठीत बोल.”
“आय थिंक वी शुड कीप धिस इन इंग्लिश.”
“हाउ मेनी केअरर्स?”
“टू.”

त्या साहेबाला कळणं शक्यच नव्हतं. पण तू साताऱ्याची ना गं?
बसायचं असतं तर आई “बसव” म्हणाली असती. “बसू दे” म्हणाली असती. हवेत लोंबकळणारी बाई समोरच्या पोरीला “बस” कशाला म्हणेल?

माझी मुलगी इथेच जन्मली. ती अजून “तो खुर्ची” म्हणते. तिला सांगितलं तर तिनं लगेच विचारलं, “आजीला स्टॉप पाहिजे होता, ना?”
तिला कळलं. तुला नाही कळलं?

कळलं होतं. मीटिंगनंतर मी कारपाशी पोचले तर रश्मी मागून आली, माझा हात धरला, आणि आता मराठीत.
“ताई, समजून घ्या. त्या दिवशी स्टाफच नव्हता. मीच तिला एकटीला पाठवलं. पण आत विचारलंत तर मी हे बोलणार नाही. माझा व्हिसा या नोकरीवर आहे, मुलं आहेत.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे.

त्या नवीन मुलीवर माझा राग नाही. तिला जो अर्थ शिकवला तो तिनं लावला. व्हिसाची भीती मलाही माहीत आहे, त्या भीतीत मीही वर्षं काढलीत. पण आईच्या तोंडचा धडधडीत शब्द फिरवायचा, आणि तोही आपल्याच माणसानं, हे मला माफ करता येत नाही. केलंही नाही.

तक्रार केली आहे. कारपाशी जे बोललीस तेही त्यात सांगितलंय, रश्मी. तू हे वाचशील, म्हणून इथेही लिहिते.

तुमचं कुणी होममध्ये असेल तर उचलायच्या वेळी एकदा तिथे थांबा. दुसरं माणूस कुठे आहे, विचारा. झोळी कुणाची आहे, विचारा. समोरचा आपली भाषा बोलतो म्हणून गप्प बसू नका. मी बसले.

आई, तू “बास” म्हणाली होतीस.
मला कळलंय, आणि आता ते सगळ्यांना कळेल.

तू निवांत बस.
नमस्कार करते.