उतारावरच्या लेकी

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ चढतेय की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन टांगतात, तो ओळंबा. हा अंगाने काटकुळा, उंच, आणि उभा राहिला की असा ताठ की मान जराही कलायची नाही. विशीत सोबतच्या कामगारांनी थट्टेने ठेवलेलं नाव, पण चिकटलं ते चिकटलंच. पुढे म्हातारपणी पाठीला बाक आला तरी लोक ओळंबाच म्हणत राहिले, आणि तो म्हणायचा, "दोरी जुनी झाली की वजनही जरा डुलतं."

गाव डोंगराच्या अंगावर वसलेलं. घरं चांगली, पण प्रत्येकाच्या मागे उतार. अंगण म्हणावं तर पाय ठरत नाही, बाग म्हणावी तर माती दर वर्षी खालच्या शेजाऱ्याच्या दारात. अशा घरी ओळंबा जायचा. उतार कापायचा, सिमेंटच्या ब्लॉकची भिंत चढवायचा, तिच्यामागे भराव घालून दाबायचा, आणि महिन्याभरात तिथे खुर्ची टाकता येईल अशी सपाट जागा तयार व्हायची. जिने आयुष्यभर एका पायावर भार देऊन कपडे वाळत घातले ती बाई दोन्ही पाय सारखे टेकून उभी राहायची आणि हसायची. तेवढ्या हसण्यावर ओळंब्याची आठवडाभराची पाठदुखी जायची.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा त्याचा जोडीदार आजारी पडला. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवं होतं, म्हणून बायको आली. दोरी धरायला आली आणि सगळं कामच धरून बसली.

ब्लॉक बसवायचा तो, पण भिंत कुठे उभी राहणार ते ठरवायची ती. काम सुरू करण्याआधी ती एकटी उतार चढून वर जायची. शेजाऱ्याच्या छपराची पन्हाळ कुठे सुटते, गवत कुठे जास्त हिरवं आहे, कुठल्या जागी चप्पल रुतते, हे बघून खाली यायची. "भिंत माती पाडत नाही हो, पाणी पाडतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. म्हणून भिंतीच्या मागे हातभर जाडीची स्वच्छ खडी, तळाशी भोकं पाडलेला पाईप, आणि पाईपाचं तोंड भिंतीतून बाहेर. पाण्याला वाट दिली की ते मुकाट्याने निघून जातं, भिंतीशी भांडत बसत नाही. हे खडीचं काम तिचं. त्यात तिने कधी कुणाला हात लावू दिला नाही.

"अहो, तिसरा ब्लॉक पुढे आलाय."

"पाणसळीतला बुडबुडा तर बरोबर मध्यावर आहे."

"मग पाणसळीला चष्मा लावा."

आणि तो गुडघे टेकून बघायचा, तर ब्लॉक खरंच केसभर पुढे आलेला असायचा.

पाऊस सरला की दोघं एक दिवस काम बंद ठेवायची आणि जुन्या भिंती बघत फिरायची. ती म्हणायची, "चला, लेकींकडे जाऊन येऊ." सासरी दिलेल्या लेकी सुखात आहेत का, हे बघायला आईबापांनी जावं, तसंच. सोबत डबा आणि चार केळी. प्रत्येक भिंतीवर ती पालथा तळहात ठेवायची, खाली बसून पाईपाच्या तोंडात डोकवायची. नितळ पाणी ठिबकत असलं की उठायची. घरमालक चहाला बोलवायचे. संध्याकाळी परतताना ती हिशेब सांगायची: "मोठ्या वळणावरची जरा सुकलीय, डॉक्टरांकडची मजेत आहे, आणि टेलरकडच्या लेकीच्या डोक्यावर त्यांनी कुंड्या किती चढवल्यात, बघितलंत का!"

अशी सगळी वर्षं गेली असती तर सांगण्यासारखं फारसं नव्हतं. पण मध्ये गणिताच्या बाईंची भिंत आली.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. वरच्या पाण्याच्या टाकीजवळच्या गल्लीत घर. यजमान तीन महिने दवाखान्यात, पायांतली ताकद गेलेली. रविवारी चाकाच्या खुर्चीतून घरी येणार होते, आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: मागच्या लिंबोणीखाली बसायचं. लिंबोणी उतारावर. तिथे चाकाची खुर्ची सोडा, मांजरसुद्धा जपून बसायचं.

नेमकी त्याच आठवड्यात ओळंब्याची सासू अत्यवस्थ झाली आणि बायको चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी गेली. काम त्याने एकट्याने रेटलं. गुरुवारी खडीचा ट्रक वाटेत बंद पडला. निरोप आला, आता सोमवारी.

बाई मागच्या दारात उभ्या होत्या. पदराला खडूचा डाग तसाच. "मिस्त्री, रविवारपर्यंत होईल ना?"

ओळंब्याने उकरलेल्या चिकण मातीच्या ढिगाकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "होईल," म्हणाला.

खडीच्या जागी त्याने तीच चिकण माती भरली. धुम्मस उचलून उचलून ती इतकी ठोकली की शनिवारी संध्याकाळी हाताची मूठ मिटेना. रविवारी सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी उगाच जाऊन उभा राहिला. लांबूनच दिसलं. बाई खुर्ची ढकलत आहेत, खुर्ची सपाट जमिनीवर न अडखळता चाललीय, आणि यजमानांनी वर पानांकडे बघायला मान मागे टाकलीय.

बायको परतली ती आईला शेवटचं पोहोचवूनच. चार दिवसांनी एका सकाळी अवजारं आवरताना तिने विचारलं, "बाईंची झाली?"

"झाली."

"खडी कुठपर्यंत घेतलीत?"

"नेहमीसारखीच."

गवंड्याच्या हातात थापी असतेच, पण तिच्यासमोर तोंडात थाप आली ती पहिल्यांदा. ती आईच्या दुःखात होती, तिला आता खडीचं काय सांगायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढच्या महिन्यात सांगू म्हणाला. मग पुढच्या वर्षी. उशीर झालेल्या गोष्टीला दर दिवसागणिक आणखी उशीर होत जातो, तसं झालं.

अकरा वर्षं फेरीच्या दिवशी टाकीजवळच्या फाट्यावर आलं की ओळंब्याला काहीतरी व्हायचं. कधी गुडघा दुखायचा, कधी ऊन लागायचं, आणि बाकी काही सुचलं नाही तर, "नको तिकडे, त्या गल्लीत कुत्रं आहे." ती त्याच्याकडे क्षणभर बघायची आणि खालची वाट धरायची.

बाराव्या वर्षी ती फाट्यावर थांबलीच नाही. सरळ वर वळली.

"अगं, तिकडे कुत्रं—"

"अकरा वर्षं जगलेलं कुत्रं मलाही एकदा बघू दे," ती म्हणाली.

बाई आता निवृत्त झाल्या होत्या, घरात एकट्या. यजमान कधीच गेले होते. मागच्या अंगणात लिंबोणी होती, आणि तिच्याखालच्या भिंतीला पोट सुटलं होतं. मधले चार थर चांगले पुढे आलेले.

"मी दर वर्षी मोजते," बाई म्हणाल्या आणि आतून वही घेऊन आल्या. "आधी एक बोट होतं, आता चार. आणि वाढीचा वेगही वाढतोय, हे बघा."

"मग कळवलं का नाहीत?" ओळंब्याने विचारलं.

"म्हटलं, माझ्या पाठीचंही तसंच चाललंय. वय झालं असेल."

बायकोने भिंतीवर तळहात ठेवला. मग खाली बसली. पाईपाचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. तिने केसातली पिन काढून आत घातली, आणि पिनेच्या टोकाला लालसर चिकण मातीचा गोळा आला. तो तिने बोटांत चोळला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आत खडी नाही."

मग ओळंब्याने दोघींसमोर सगळं सांगितलं. ट्रक, सोमवार, रविवार. सांगताना तो अगदी ताठ उभा होता, शाळेत शिक्षा झालेला मुलगा उभा राहतो तसा.

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "ते आठ महिने जगले, मिस्त्री. पाऊस नसेल त्या प्रत्येक सकाळी इथे बसले. तुम्ही खडीसाठी थांबला असतात तर त्यातले चार-पाच दिवस गेले असते. गणितात ते फार नाहीत. पण त्या पहिल्या रविवारी ते दोन महिन्यांनी पोटभर जेवले. तो दिवस मी कुणाला परत देणार नाही."

"ते खरं, बाई," बायको म्हणाली. "पण त्यानंतरचा सोमवारही आलाच होता ना, खडी घेऊन."



परतीच्या रस्त्यावर ती पुढे, तो दोन पावलं मागे. केळी तशीच पिशवीत. ती मागे न बघता म्हणाली, "माती भरलीत त्याचं काही नाही. मीही भरली असती कदाचित. मला का नाही सांगितलंत?"

"तू नसताना केलेली एकच भिंत, आणि तीच तशी..."

"म्हणजे लाज कुणाची वाटत होती? भिंतीची की माझी?"

"तुझी."

ती थोडी चालली. मग थांबली, त्याला गाठू दिलं, आणि पिशवीतून एक केळं काढून त्याच्या हातात ठेवलं.

सोमवारी दोघं बाईंच्या दारात हजर. दोन आठवडे लागले. वरून एकेक ब्लॉक उतरवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, रचून ठेवायचा. चिकण माती दगडासारखी झाली होती, ती टिकावाने फोडून बाहेर काढायची. दोघांची पन्नाशी जवळ आलेली, हाडं बोलत होती. पण ओळंब्याला आठवतं ते हाडांचं बोलणं नाही. त्याला आठवतं की त्या दोन आठवड्यांत तो रोज सकाळी तिच्या आधी तयार होऊन दारात उभा असायचा. बारा वर्षं उरावर असलेला ब्लॉक उतरला होता, आणि तो पोरासारखा बडबडत होता.

बाई स्टूल टाकून समोर बसायच्या. पहिला थर बसवताना त्यांनी शाळेतला मोठा कोनमापक आणला आणि ओळंब्याचा काटकोन तपासला. बायकोला तर आयतीच साथीदार मिळाली. एकीने म्हणायचं, "जरा डावीकडे," दुसरीने म्हणायचं, "नाही, उजवीकडे," आणि तो तीस-पस्तीस किलोचा ब्लॉक छातीशी धरून उभा. मग दोघी फिदीफिदी हसायच्या.

दुपारी तिघं लिंबोणीखाली जेवायची. तिथे ओळंब्याला बायकोच्या अशा गोष्टी कळल्या, ज्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या संसारात कळल्या नव्हत्या. बाई विचारायच्या म्हणून ती सांगायची. लहानपणी ती शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली आली होती. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली, ती घरच्यांनी भावाला दिली, कारण हिची शाळा तेव्हाच थांबणार होती. हे तिने भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा सहज आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाट उपसलं आणि एक जुनी पत्र्याची कंपासपेटी तिच्या मांडीवर ठेवली. त्यात ती पुढे केसाच्या पिना ठेवायची. पण आतला कर्कटक तिने कधी बाहेर काढला नाही.

खडी या वेळी वेळेवर आली. तिने स्वतः भरली, घमेलं घमेलं करून. पुढच्या पावसात एका सकाळी फोन वाजला. पलीकडे बाई शाळेतल्या आवाजात ओरडत होत्या, "मिस्त्री, वाहतंय! नितळ वाहतंय! तिला द्या फोन!"

त्यानंतर बायको चौदा वर्षं होती. शेवटी तीन आठवड्यांचं आजारपण आणि संपलं. ओळंब्याने काम सोडलं. लोक बोलवायचे, तर म्हणायचा, "दोरीला दुसरं टोक नाही." दोन वर्षं पाऊस सरला तरी तो फेरीला गेला नाही. पायरीवर बसायचा आणि डोंगराकडे बघायचा.

मुलगा बसडेपोत कामाला. तिसऱ्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी त्याने गाडी दारात आणली आणि म्हणाला, "चला बाबा. कुठे कुठे जायचं ते सांगा."

दिवसभर फिरले. काही भिंती होत्या, काही घरंच गेली होती. टेलरकडच्या भिंतीवर आता कुंड्या नव्हत्या, कारण टेलरही नव्हता. टाकीजवळच्या गल्लीत बाईंचं घर विकलं गेलं होतं, बाई भाचीकडे राहायला गेल्या होत्या. नवे लोक भले होते, त्यांनी मागचं दार उघडून दिलं. बापलेक लिंबोणीखाली कट्ट्यावर बसले.

मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघं ही भिंत परत बांधत होतात, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. परीक्षेचं वर्ष. घरी येऊन एकटाच भात करपवून खायचो."

"माहीत आहे. करपलेलं पातेलं तुझी आई घासायची."

"मला फार राग यायचा, बाबा. रात्री दोघं मातीने माखून यायचात आणि काहीतरी आठवून हसत बसायचात. मला वाटायचं, हे मला टाकून तिकडे मजा करतात."

ओळंब्याने त्याच्याकडे पाहिलं.

"करतच होतो," तो म्हणाला.

मुलाला हसू फुटलं. हसता हसता त्याने डोळे पुसले. "मग सांगा तरी, काय एवढी मजा होती?"

आणि ओळंबा सांगायला लागला. बाईंचा कोनमापक, डावीकडे-उजवीकडे, धावण्याची शर्यत. गाडीत बसला तरी सांगतच होता. उतरणीला मुलाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि मागच्या गाड्यांना हाताने पुढे जायला सांगितलं.