नारपोलीची तुळजा आणि मामाची सेलिका

भिवंडीच्या नारपोलीत लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या मागाचा, एखादा पार्ट तुटला की लोक म्हणतात, "तुळजाकडं जा, पण तोंड सांभाळून बोल." चाळिशीची बाई. वडिलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचं लेथ मशीन चालवते. वडील सावळाराम यांची नजर गेली तेव्हा शेडला आता कुलूप लागणार, असं भाऊबंदांनी धरूनच ठेवलं होतं. कुलूप लागलं नाही. नवं गिऱ्हाईक अजूनही दारात उभं राहून आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री किधर है?" तुळजा मशीन बंद न करता म्हणते, "तेरे सामने खडी है. नाप बोल."

तिला राग लवकर येतो हे खरं. पण ज्या दिवसाबद्दल लोक अजून बोलतात, त्या दिवशीचा राग लवकर आलेला नव्हता. त्यामागं सहा वर्षांचं काम होतं.

जवळच्याच दापोडे गावचे चांगदेव म्हणजे तुळजाचे सख्खे मामा. त्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, हातात पैसा आला, तेव्हा त्यांनी मस्कतहून परतलेल्या एका शेटकडून एक लाल गाडी घेतली होती. टोयोटा सेलिका, चौऱ्याऐंशी सालची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल अशी बुटकी. तिचे दिवे बॉनेटमध्ये झोपलेले असायचे. बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर यायचे. लहानपणी मामाकडं गेलं की तुळजा ते दिवे बघायला धावायची. पुढं मामांनी उंच, मोठ्या गाड्या घेतल्या आणि सेलिका गोदामाच्या कोपऱ्यात गेली. अठरा वर्षं तिच्यावर खोकी चढत राहिली आणि सीटमध्ये उंदीर पिल्लं घालत राहिले.

सहा वर्षांपूर्वी गणपतीत मामाकडं सगळी घरची माणसं जमली होती. तुळजा म्हणाली, "मामा, भाचीचा मान कधी देणार? लुगडं नको मला."

"मंग काय पायजे?"

"कोपऱ्यातली लाल गाडी."

सगळे हसले. मामांचा मोठा मुलगा धनेश म्हणाला, "उंदीर पन ने ताई, फ्री हायेत." पण मामा हसले नाहीत. म्हणाले, "ने. तुझी झाली." मामी बायजाबाईंनी गाडीच्या धुळीतच कुंकू लावलं, नारळ ठेवला.

कागद झाला नाही. आणि इथंच तुळजा चुकली, जिथं तिच्या जागी गावातलं कुणीही चुकलं असतं. शेजाऱ्याशी वीतभर बांधाचा प्रश्न असला तर आपली माणसं चार साक्षीदार आणि एक वकील घेऊन जातात. मामाच्या घरी मात्र कागद मागायचा नाही. मागितला तर आईचं माहेर तुटतं म्हणे. शब्द मोडला तर काही तुटत नाही.

गाडी क्रेनवर लटकत नारपोलीला आली. तुळजाकडं पैसा नव्हता, मशीन होतं. इंजिनच्या रिंगा तिनं कुर्ल्याच्या भंगारबाजारात तीन रविवार हिंडून जुळवल्या. जे बाजारात मिळेना ते लेथवर कातलं. दिवे उचलणाऱ्या एका मोटरचा बुश, म्हणजे आतली बारकी नळी, नायलॉनच्या दांडीतून काढला, काचा वरखाली करणारी चाकं पितळेत घडवली. सीटला चढवायला इस्रार मिस्त्रीनं जाड कॅनव्हास आणून दिलं. तो शेजारच्या लूम कारखान्यातला फिटर, मूळचा आझमगढचा. म्हणाला, "दीदी, लूम का कपडा है, बैठने से नहीं फटेगा." दिवसभर लूमचं काम, संध्याकाळी तास-दीड तास गाडी. अशी सहा वर्षं. मधेच मामा वारले. जानेवारीत गाडीनं पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी गल्ली ओलांडली. दिवे उघडले तेव्हा कुणीतरी फोनवर शूटिंग केलं आणि ते भिवंडीभर फिरलं.

फिरताना दापोड्यालाही गेलं.

इकडं तुळजाला गाडी चालवताना मागून एक आवाज यायला लागला होता. टक्, टक्, वळणावर. इस्रार गाडीखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "दीदी, ये तो फट रहा है."

मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या टोकांना बुश असतात, रबराचे. जुने सडले होते, म्हणून तुळजानं लूमला वापरतात तसल्या कडक फायबरचे कातून बसवले होते. एक केसभर फट नाही, इतके नेमके. आणि तेच नडलं. लूम जमिनीला बोल्टनं जखडलेला असतो. त्यात ढिलाई आली की कापड बिघडतं. गाडीला मात्र रस्ता झेलायचा असतो. रबर दबतं, वळतं, धक्का खातं. फायबरनं एकही धक्का खाल्ला नाही, सगळे पुढं ढकलले आणि चेसिसवरचा, दांडा धरणारा ब्रॅकेट चिरला. पंचवीस वर्षांचा हात, आणि चूक हाताच्या सफाईनंच केली. तुळजानं पाना भिंतीवर फेकला. मग उचलला, आणि रबर मोल्डिंगवाल्याकडं नवे बुश सांगितले. त्यानं पंधरा दिवस मागितले.

आठव्या दिवशी धनेश आला. बरोबर ड्रायव्हर, आणि बाहेर एसी गाडीत बसलेल्या बायजाबाई.

"ताई, गाडी न्यायला आलो. मंगळवारी आपल्या धाकट्याची, प्रितेशची हळद हाय. एन्ट्री हिच्यातूनच."

"एका दिवसापुरती मागतोयस की न्यायला आलायस?"

"आपलीच गाडी. मागायची कशाला? पप्पांनी तुला बनवायला दिली होती ना. मस्त बनवलीस. खर्च सांग, देऊन टाकतो."

तुळजानं लेथ बंद केला. शेड एकदम शांत झाली. आजूबाजूचे लूम मात्र खडखडत होते.

"बनवायला?"

"मंग? कागद बघ." त्यानं फोन पुढं केला. "गेल्या महिन्यातच माझ्या नावावर करून घेतली."

गेल्या महिन्यात. म्हणजे ते शूटिंग बघितल्यावर. मामा जाऊन दोन वर्षं झाली, तोवर याला गाडीची आठवण नव्हती. भंगार होती तोवर ताईची. दिवे उघडले तशी आपली.

तुळजा बाहेर गेली. काचेवर टकटक केली. "मामी, नारळ तुम्ही ठेवला होता. सांगा याला."

बायजाबाईंनी काच चार बोटं खाली घेतली. "सणाचं बोलनं होतं ते, पोरी. आनि गाडी जाते कुठं? घरातच हाय ना."

घरातच. गोड शब्द आहे. ज्याचं घेतलं जातं त्यालाच तो ऐकवतात.

तुळजा आत आली. तिच्या मनात काय आलं ते तिनं पुढं इस्रारला सांगितलं होतं. गप्प बसावं, असं आलं. किल्ली द्यावी. मंगळवारी डीजेच्या पुढं, अख्ख्या दापोड्यादेखत गाडीचं ढुंगण जमिनीला टेकू दे. पण आत प्रितेश बसणार होता, हळद लावलेला. आणि वळणावर गाडी भरधाव असली तर नुसती फजिती होऊन थांबणार नव्हतं.

"नेऊ नको," ती म्हणाली. "मागचा ब्रॅकेट फाटलाय. माझ्याच चुकीनं. वळणावर चाक निसटेल. आठ दिवस थांब."

धनेश हसला. "वा. मी आलो आनि फाटला?"

"सेठ, सच बोल रही है," इस्रार म्हणाला. "मैंने खुद देखा."

"तू तेरा लूम देख." मग तुळजाकडं वळून, "ताई, बाईमानसाचं लेथवर ठीक हाय. गाडीचं आमच्या मेकॅनिकला कळतं. चावी दे."

तुळजानं किल्ली दिली नाही. जॅक घेतला.

"गाडी तुझी ना? घे. पण जशी दिलीत तशी घे."

मागची बाजू उचलून तिनं आधी ते फायबरचे बुश काढले. फाटलेला ब्रॅकेट धनेशला बोटानं दाखवला. त्यानं बघितला आणि तोंड फिरवलं. आता तो म्हणाला असता, चल, बनव, मग बोलू, तर कदाचित ती थांबली असती. तो म्हणाला, "पोलिसांना बोलावतो."

"बोलाव. माझ्या मशीनवर कातलेला माल माझा. त्यांनाही सांगते."

मग दिव्याचा बुश निघाला, काचेची चाकं निघाली, सीटवरचं कॅनव्हास उसवलं गेलं. तिनं स्वतः घडवलेलं आणि इस्रारनं दिलेलं तेवढंच काढलं. मामांचा एक स्क्रूही नाही. सावळाराम खुर्चीत बसून येईल तो पार्ट बोटांनी चाचपत होते आणि पिठाच्या गोणीत टाकत होते. "हा लाइटचा. हा काचेचा. हा कुठला गं? बरा कातलायस." गल्ली भरली होती. दुपारी गाडी एका दिव्यानं जागी, दुसऱ्यानं झोपलेली अशी उभी राहिली, मागं बसकण मारून. धनेशला क्रेन मागवावी लागली. पोलीस आले नाहीत, कारण त्यानं बोलावलेच नव्हते.

हळदीला प्रितेश भाड्याच्या उघड्या गाडीतून आला. तुळजा गेली नाही. पै-पाहुण्यांत बोललं गेलं की बाईनं लोखंडासाठी आईचं माहेर तोडलं. शब्द गिळणाऱ्याबद्दल एकही अक्षर नाही. तो तर जेवणावळीत वाढत होता.

चार महिन्यांनी धनेशचा फोन आला. "ताई, गाडी घेऊन जा."

त्याला पश्चात्ताप झाला असं कुणी समजू नये. अख्खं गोदाम एका ऑनलाइन मालवाल्या कंपनीला द्यायचं होतं आणि कंपनीला कोपरा रिकामा हवा होता. भंगारवाला लोखंडाचा भाव सांगत होता, आणि तेवढ्याला विकली असती तर गावानं नाव ठेवलं असतं.

"कागद?" तुळजानं विचारलं.

"तू पन ना. घरातल्या घरात..."

"कागद, धनेश."

ती दापोड्याला गेली. हस्तांतरणाचा फॉर्म ओटीवर बसून ओळीखाली बोट ठेवत वाचला, पहिल्यापासून. धनेशनं दोनदा घड्याळ बघितलं. सही झाली. तारीख राहिली होती. तिनं फॉर्म परत त्याच्यापुढं सरकवला. तारीख पडली. क्रेनही त्यालाच सांगायला लावली.

बायजाबाई दारात उभ्या होत्या. "झालं ना आता मनासारखं?"

"मनासारखं मामा बोलले तेव्हाच झालं होतं, मामी. तुम्ही लोकांनी आज सही केलीत."

चहाला ती थांबली नाही. क्रेनच्या केबिनमध्ये चढली, फॉर्म घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गतिरोधकावर हळू घे, भाऊ. मागं बुश नाहीत."