सीताराम धुमकांचा उडणारा गुडघा

सीताराम धुमक त्रेसष्टाव्या वर्षीही जाखडी नाचतात, याचं असल्फ्याच्या त्यांच्या चाळीत कौतुक होतं. गणपतीत पायात घुंगरू बांधून, मधूनमधून चवड्यांवर बसत गोल फिरायचं, तेही दोन-दोन तास. एकतीस वर्षं त्यांनी एका कचेरीत शिपाई म्हणूनही काढली, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी उजव्या गुडघ्यामागच्या खळगीत लिंबाएवढं काहीतरी उडू लागलं. दुखत नव्हतं. मंडळाचा मृदंगवाला निलेश त्यावर बोट ठेवून म्हणाला, लय पक्की आहे. मग येणारा-जाणारा दाबून बघू लागला आणि धुमक हौसेने पँट वर करू लागले. बायको राधा तेवढी म्हणायची, डॉक्टरला दाखवा. यंदा गणपतीच्या पाचव्या दिवशी त्याच पायाची करंगळी निळी पडली, तेव्हा घुंगरांचा पट्टा घट्ट होत असणार असं सर्वानुमते ठरलं. पट्टा एक भोक सैल केला. नंतर चार पावलांत पोटरी धरू लागली, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली.

रक्तवाहिन्यांच्या सर्जन तेजल मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि हे कुणी दाबलं होतं का, म्हणून विचारलं.

"अख्ख्या चाळीने," धुमक म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तो धमनीला आलेला फुगा होता. आत रक्त साकळलेलं. त्याचा एक कण सुटून करंगळीत गेला होता. मोठी गुठळी सुटली असती, तर पाय गुडघ्याखाली कापावा लागला असता. अजूनही लागू शकतो. धुमकांनी राधाकडे पाहिलं. तिने आपली खुर्ची मॅडमच्या टेबलाजवळ ओढली.

उपाय दोन होते. जांघेतून तार घालून फुग्याच्या आत अस्तराची नळी बसवायची, दोन दिवसांत घरी. किंवा पाय उघडून फुगा वरखाली बांधायचा आणि स्वतःचीच शीर जोडून रक्ताला बाजूने वाट करून द्यायची. त्यात जखम लांब, मुक्काम आठवडाभर. उकिडवं बसता येईल का, एवढंच धुमकांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, नळी गुडघ्यात वाकून मोडू शकते, बंद पडू शकते. शीर जास्त टिकते.

"मग शीर."

"पाय राहतोय का ते विचारा आधी," राधा म्हणाली. "नाचाचं काय घेऊन बसलात?"

मॅडमनाही शीरच बरी वाटत होती. त्यांनी लिहायला घेतलं: शीर डाव्या पायातून.

धुमक चुळबुळले. "मॅडम, त्या गुडघ्यातही उडतं. पण बारीक आहे, म्हणून कुणाला दाखवलं नाही."

"कधीपासून?" हे मॅडमच्या आधी राधाने विचारलं.

"त्याला दोन वर्षं झाली," धुमक म्हणाले.