सिस्टरनं लावलेल्या फांद्या

शालूवहिनींचं नाव आधी लिहिते. सिस्टर गेल्यानंतर त्यांच्या फिंच पाखरांना आणि मला जागा दिली ती शेजारच्या शालूवहिनींनी. पाखरांना घरामागची, धुणं वाळत घालायची जागा आणि मला वरची लहान खोली. ती मिळाली नसती तर मी आज कुठे असते आणि पाखरं कुठे असती, कोण जाणे. सिस्टर गेल्या त्या दिवशी मी पाखरांसाठी राळ्याचे दाणे आणायला गेले होते. परत आले तर शालूवहिनी फाटकात उभ्या. त्यांनी आधी माझ्या हातातली पिशवी घेतली. "पहिले बस इथं पायरीवर," म्हणाल्या, "मंग सांगतो." मी बसले, आणि त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं. सिस्टरचा दुपारी डोळा लागला होता… तो पुन्हा उघडलाच नाही.

सिस्टर म्हणजे आमच्या वस्तीतल्या जुन्या नर्स. सगळं आयुष्य मोठ्या दवाखान्यातल्या वॉर्डात गेलं, लग्न केलं नाही. नाव कमल होतं, पण त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्या गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहाराच्या दारापर्यंत माणसं बसली होती, आणि जो तो आपलं दुखणं सांगत होता, यांनी मला असं उठवून बसवलं, यांनी मला पहिलं पाऊल टाकायला लावलं. मी त्यांच्या देखभालीला आले ती त्यांचंच कंबरेचं हाड मोडलं तेव्हा. मी देवगडकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे संसारही टिकला नाही, आणि ओळखीच्या एका बाईंच्या शब्दावर मी एवढ्या लांब नागपुरात आले. इथलं बोलणं मला समजायचं नाही. "काहून वं, जेवून नाही राहिली?" असं सिस्टर म्हणाल्या की वाटायचं, रागावल्याच. मी आणखी कमी जेवायची.

त्यांच्या मागच्या व्हरांड्याला बारीक जाळी ठोकून पाखरांची खोली केलेली होती. मुठीत मावतील एवढी करडी पाखरं, नारिंगी चोचीची, नरांच्या गालावर तांबूस टिकली. लहान मुलाचं रबरी खेळणं दाबल्यावर वाजतं तसा त्यांचा आवाज. दुपारी ऊन जाळीतून आत यायचं तेव्हा सिस्टरची पांढरी साडी सगळी चौकटी-चौकटीची दिसायची, आणि त्या चौकटींतून पाखरांच्या सावल्या सरकत जायच्या. त्या खोलीत दुपार लवकर संपायचीच नाही. मी घरून आणलेली सगळी काळजी तिथं थोडा वेळ कुठेतरी ठेवून दिल्यासारखी व्हायची…

पाखरांना बसायला दुकानातल्या गुळगुळीत दांड्या सिस्टरना अजिबात चालायच्या नाहीत. "एकाच अंगावर निजवला का पेशंटची पाठ सोलते," त्या सांगायच्या, "तसाच पाखराचा तळवा. दिवसभर एकाच मापाची दांडी धरली का लाल होते, मंग सुजते." म्हणून खऱ्या फांद्या हव्यात, कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच गाठ आलेल्या. फांदी आवडली की त्या तिच्याभोवती बोटं वळवून बघायच्या, जणू ती बोटं म्हणजे पाखराचं पाऊल. कडुनिंब, बोर, पेरू. संत्र्याची मात्र नाही, बागेत काय-काय फवारलेलं असतं. नागपुरात राहून संत्र्याला नाही म्हणणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. पुन्हा चालायला लागल्यावर जवळच्या कन्हान गावी आपल्या बहिणीकडे त्या मुद्दाम पेरूच्या छाटणीच्या वेळेला जायच्या, सोबत मी. परतताना बसमध्ये आमचा फांद्यांचा भारा पाहून कंडक्टर म्हणाला, "काय वं मावशी, घरचा गॅस संपला का?" सिस्टर म्हणाल्या, "गॅस हाय बाप्पा. हा पाखराईचा फर्निचर हाय. हात लावू नको, पॉलिश निघन." सगळी बस हसली. मीही हसले, आणि नागपुरात आल्यापासून आपण पहिल्यांदाच मोठ्यानं हसलो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

फांद्या घासून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवल्या की लावायचा दिवस. एका फांदीखाली दुसरी नको, वरच्याची घाण खालच्याच्या डोक्यावर पडते. पाण्याच्या वाटीवर तर मुळीच नको. मधली जागा उडायला मोकळी. सगळ्यांना उंचावर बसायचं असतं, म्हणून दोन्ही टोकांना सारख्याच उंचीच्या फांद्या, नाहीतर खिडकीजवळच्या खाटेवरून वॉर्डात व्हायची तशी भांडणं. काही फांद्या पक्क्या, काही एकाच टोकाला बांधलेल्या, झुलणाऱ्या. पण हे सगळं नंतर. त्याआधी त्या मला आत स्टुलावर बसवायच्या, चहा हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "चहा थंडा होईपर्यंत हालू नको. नुसतं पाह्य."

पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "तू पाखरू असती तं कुठं बसली असती?" मी दाराजवळचा कोपरा दाखवला. "काहून वं?" मी म्हटलं, "पळता येईल." त्या हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी माझी खाट दारापासून हलवून भिंतीला लावायला सांगितली. "पळायचं असन तं उद्या पळ," म्हणाल्या, "आज झोप तं घे." बाहेर कुठेतरी बँड वाजत होता, लग्नाचे दिवस होते. ऐकता ऐकता केव्हा झोपले, आठवत नाही.

सिस्टर गेल्यावर घर त्यांच्या पुतण्याकडे आलं. माणूस वाईट नाही. त्यानं मला नीट समजावून सांगितलं, घर भाड्यानं द्यायचंय, पाखरं दुकानात देऊन टाकू. सिस्टर मला कितीदा म्हणाल्या होत्या, दुकानातून आणलेलं परत दुकानात जाऊ नये. मी जाळीला धरून उभी राहिले. शालूवहिनीच म्हणाल्या, "आमच्या मागं ठेवतो आम्ही." पुतण्या म्हणाला, ठेवा, पण तिथं रुळली नाहीत, मरायला लागली, तर रविवारी दुकानवाल्याला घेऊन येतो. जाळी त्यानंच सोडवून दिली.

मी नव्या जागी एकेक फांदी होती तशीच बांधली. तोच कोपरा, तीच उंची, झुलणारी तिथेच जिथे सिस्टरनं बांधली होती. मला वाटलं, असं केलं की त्यांनीच लावल्यासारखं होईल. पण पाखरं फांदीवर यायची आणि लगेच भर्रकन उडून खाली कोपऱ्यात एकमेकांवर गोळा व्हायची. दाणा तसाच. दुसऱ्या दिवशीही तेच. एक मादी अंग फुगवून, डोळे मिटून बसलेली. रविवार जवळ येत होता आणि मी त्या फांद्या आणखी बिनचूक करत होते, बोटभर इकडे, बोटभर तिकडे.

शेवटी थकून चहा घेतला आणि जाळीच्या आत जाऊन बसले. थंड होईपर्यंत हलले नाही. तेव्हा दिसलं. समोर शालूवहिनींच्या साड्या वाळत होत्या, लाल, पिवळ्या, मोठ्या काठाच्या. वारा आला की साडी फडकायची आणि सगळी पाखरं एकदम उडायची. सिस्टरच्या व्हरांड्यासमोर नुसती भिंत होती. ज्यांनी जागा दिली त्यांना त्यांचीच साडी काढा कसं सांगू? नाही सांगितलं. सिस्टरच्या मापानं बांधलेल्या गाठी मी सोडल्या… आणि सगळ्या फांद्या साड्यांपासून दूर, घराच्या भिंतीकडे नेऊन नव्यानं लावल्या. उडायला जागा कमी पडली, पण भिंतीकडे काही फडकत नव्हतं.

शालूवहिनी मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलंच नाही. "हे इकडं काहून कोंबलं?" विचारलं, आणि माझं तोंड बघून साड्यांकडे पाहिलं. "भैताड आहेस का वं तू? बोलाले काय झालं होतं? पाखरं मरू देशील पण बोलणार नाही!" त्यांनी तिथल्या तिथे सगळी दोरी ओढून काढली. त्या दिवसापासून ओल्या कपड्यांची बादली त्या गच्चीवर नेतात, गुडघे दुखत असताना. मी घ्यायला गेले की म्हणतात, "सर बाजूले, तुह्या पाखराईकडे पाह्य." मोकळी झालेली जागा बघून मी काही फांद्या पुन्हा पलीकडच्या टोकाला नेल्या, माझ्या मनानं. रविवारी पुतण्या दुकानवाल्याला घेऊन आला तेव्हा आधी फुगून बसलेली ती मादी झुलत्या फांदीवर निवांत चोच घासत होती, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. पुतण्यानं ते पाहिलं. "आत्याची पाखरं तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाला, आणि दुकानवाल्याला तसाच परत घेऊन गेला.

परवा दुपारी शालूवहिनी जाळीजवळ बसल्या होत्या. खिडकीत कूलर घुमत होता. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं समुद्र हाय म्हणते. असाच आवाज येते का वं त्याचा?" त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. मी म्हटलं, थोडासा असाच, पण मध्येच थांबतो, श्वास घेतल्यासारखा… आणि मग पुन्हा येतो. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. पुढचं मी तेव्हा बोलले नाही, मला वेळेवर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते. वहिनी, एक दिवस मी तुम्हाला देवगडला घेऊन जाईन. पाण्याजवळ खुर्ची मांडून बसवीन, आणि तुमचं मन भरेपर्यंत कुणालाही तुम्हाला उठवू देणार नाही.