पातळ रक्त

माझी नणंद मनानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडानं घातच केला असता.

लेक तेव्हा दुसरीत. आमच्या भेंडीच्या वावरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली अन् कोपर मोडलं. जळगाव जामोदच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिची बोटं पांढरीफट्ट, थंडगार. डॉक्टर पुण्याकडचे. म्हणाले, "हाडानं रक्तवाहिनी दाबली आहे. आत्ताच ऑपरेशन केलं तर हात वाचेल. हिला रक्ताचा काही त्रास?"

मी तोंड उघडायच्या आत नणंद बोलली, "हाव साहेब! हिचं रक्त लय पातळ हाय, लहानपणापासून."

डॉक्टरांचा चेहराच उतरला. "म्हणजे रक्त थांबत नाही? तपासणीत तसं निघालं तर इथे चाकू लावता येणार नाही. अकोल्याला न्यावं लागेल."

अकोला! तोवर माझ्या लेकीच्या हाताचं काय? मी नणंदेवर अशी डाफरले की अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. "ताई, काऊन बोलता हो मधात?" ती बिचारी रडायलाच लागली.

लॅबवाल्या बाईनं निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. लेकीनं हिसका दिला अन् नळी अर्धीच भरली. "रेघेपर्यंत भरली नाही तर मशीन खोटंच सांगते," बाई म्हणाली. पुन्हा टोचावं लागलं. या खेपेला लेकीला मी आवळून धरलं.

डॉक्टर रिपोर्ट घेऊन धावतच आले. "अहो, हिचं रक्त तर झकास गोठतंय! पातळ कोण म्हणालं?"

"पातळच हाय," नणंद डोळे पुसत म्हणाली. "पालक खात नाही, मेथी खात नाही. पाहा ना कशी फिक्की दिसते!"

आमच्याकडे अंगात रक्त कमी असलं की रक्त पातळ म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते काय कप्पाळ कळणार! अन् घाबरलेल्या मलाही ते सांगायचं सुचलं नाही. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला अन् तडक ऑपरेशनला गेले.

लेकीला बाहेर आणलं तेव्हा मी आधी बोटंच पाहिली. गुलाबी! कोमट! मी नणंदेच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले, अन् ती माझ्याहून मोठ्यानं.

काल मी ताटात मेथी वाढली. पोरीनं त्याच हातानं ताट असं ढकललं की भाजी पार भिंतीपर्यंत गेली. मी हात उगारला, तर नणंद मधात.

"राहू दे वं, जोर तं पाह्य तिच्या हातातला!"